माडीवरचं हापीस

२१ मार्च २०२०, शनिवार

मॅडमनी सांगितलंय घरून काम करताना रोज काय काय केलं ते संध्याकाळी शीटमधे भरायचं. ती शीट वेगळी, तिच्यात "मार्च इनपुट तपासले, २ तास" असलं सभ्य लिहायचं. ही फाईल माझी. प्रकल्पाचं नाव: आंजर्ल्याजवळच्या आमच्या घरात पगाराचं हापीस बसवणे. मुदत १५ दिवस, मॅडमच्या मते.

काल रात्री पुण्याहून पोचले. सामान: लॅपटॉप, चार्जर, डोंगल, दोन रजिस्टरं आणि टेबलावरचं कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन. पंचिंग मशीन का उचललं ते मलाच कळलेलं नाही, निघताना हाताला आलं.

आजीला परत एकदा समजावलं आम्ही काय करतो ते. लहान कंपन्यांना पगाराचं खातं ठेवणं परवडत नाही, ते आम्हाला हजेरी पाठवतात, आम्ही पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), प्रोफेशनल टॅक्स वगैरे कापून हातात किती पडणार ते काढून देतो, अशा ११ कंपन्या माझ्याकडे. आजी म्हणाली, म्हणजे दिवाणजी. हो म्हटलं, दिवाणजीच.

रेंजची पाहणी केली. ओटी शून्य, माजघर शून्य, विहिरीपाशी एक कांडी, ती पण बांधावर चढलं तर. माडीवर पूर्वेच्या खिडकीत दोन कांड्या. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुल रेंज, पण सड्यावर सावली म्हणून एक झाड नाही आणि मार्चातच कातळ तापलाय. तेव्हा माडी फायनल. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला बाहेरून टांगला आणि हॉटस्पॉट चालू केला. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरला जोडणारी वाट, लागला!! ११ मिनिटं टिकला.

२२ मार्च

जनता कर्फ्यू. गावात रविवारी दुपारी तसाही कर्फ्यूच असतो. पाच वाजता थाळ्या वाजल्या, शेजारच्यांचा बैल बुजला.

२५ मार्च, पाडवा

काल रात्री १२ पासून सगळं बंद, २१ दिवस. आईनं गुढी उभारली, गाठी मिळाली नाही म्हणून साखरेची पुडी बांधली.

मुदत १५ दिवसांवरून २१ वर गेली. त्याहून मोठा घोळ म्हणजे मार्चची हजेरी. चाकणच्या युनिटचं हजेरी रजिस्टर आत आणि कुलूप बाहेर, सुपरवायझर गावी बुलढाण्याला. त्याला फोन केला तर म्हणतो ताई २२ तारखेपर्यंतची तोंडपाठ आहे, लिहून घ्या. ४३ माणसांची हजेरी त्यानं फोनवर सांगितली, मी विहिरीच्या बांधावर उभी राहून घेतली (कॉल विहिरीपाशी नीट लागतो, डेटा माडीवर. का ते विचारू नका). एकाही नावाला अडखळला नाही तो. मी इतकी वर्षं त्या ४३ जणांना कोड नंबरनं ओळखते.

३० मार्च

दोन गोष्टी.

एक, गृह मंत्रालयाचा कालचा, २९ तारखेचा आदेश, लॉकडाऊनच्या काळात कामगारांना न कापता पूर्ण पगार द्यायचा. सकाळपासून मालकांचे फोन, "हे सक्तीचं आहे का?" आदेशात आहे ते वाचून दाखवते, सल्ला देणं माझं काम नाही. एक मालक म्हणाले, द्यायचा कुठून ते पण लिहिलंय का त्यात. त्यावर काय बोलणार, मार्चचे तरी सगळ्यांचे पूर्ण गेलेत.

दोन, सकाळी नऊची मीटिंग. परवापासून दूरदर्शनवर ती जुनी पौराणिक मालिका परत चालू झालीय, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अख्ख्या वाडीत डिश चालू असलेला टीव्ही सध्या आमचाच, त्यामुळे ओटीवर पंधरा-वीस माणसं, अंतर ठेवा म्हटलं तर एकेक वीत सरकतात. आणि माडीची जमीन म्हणजे फळ्या, फळ्यांत फटी. खाली शंख वाजला की माझ्या माईकमधून पुण्याला जातो. मॅडमनी विचारलं हा कसला आवाज. सांगितलं. गप्प झाल्या एक मिनिट, मग म्हणाल्या आमच्या सासूबाई पण बघतात, मीटिंग दहाला करूया का. एका झटक्यात नऊ जण हो म्हणाले. या प्रकल्पातला सर्वात सोपा सुटलेला प्रॉब्लेम.

९ एप्रिल

माडीवर दुपारी एक ते चार बसता येत नाही. कौलं तापतात, लॅपटॉपचा पंखा चक्कीसारखा ओरडतो, गजाला टांगलेला मोबाईल तापून आपोआप बंद पडतो. आईनं पिशवीच्या जागी ओल्या फडक्यात गुंडाळून बघितलं, तो प्रयोग लगेच थांबवला.

दुपारची शिफ्ट माजघरात हलवली. माजघरात रेंज नाही, मग तिथे फक्त एक्सेलचं काम करायचं, फाईली लॅपटॉपवरच सेव्ह करायच्या आणि संध्याकाळी माडीवर जाऊन वर चढवायच्या. नियमानं फाईल सर्व्हरवरच पाहिजे. पण सर्व्हरवर एक फाईल उघडायला चहा होऊन जातो.

टेबल म्हणून आंब्याच्या चार रिकाम्या पेट्या, वर पाट. उंची बरोब्बर बसली. फक्त पेट्या लागतील तशा काढून नेतात, त्यामुळे माझं टेबल आठवडाभरात गुडघ्यावर येणार.

१९ एप्रिल

आंबा ऐन भरात आणि उठाव नाही. दरवर्षी वाशीला जाणारा माल यंदा व्यापारी "थांबा, बघतो" म्हणतोय. झाडावर आंबा थांबतो होय? बाबा आणि दोन गडी पहाटे आंबे उतरवायचे झेले घेऊन निघतात, नऊपर्यंत माल घरात, माजघरात आढी. म्हणजे माझ्या दुपारच्या हापिसात आता तीन बाजूंनी गवत आणि आंबे, मधे मी. वास इतका की डोकं चढतं. पुण्यात लोक याचे पैसे देतात, मला ऑडिट शीटवर शिंका येतायत.

मग ठरवलं, पुण्यातल्या सोसायट्यांना थेट द्यायचा. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, दोन दिवसांत ८० डझनांची ऑर्डर. बाबा वहीत लिहायला लागले, कोणाचे किती, पैसे आले का, कुठली सोसायटी, कुठलं गेट. दुसऱ्या दिवशी वही आणि पेट्या जुळेनात. शेवटी मी पगाराचीच शीट कॉपी केली. एम्प्लॉयी कोडच्या जागी फ्लॅट नंबर, बेसिकच्या जागी डझन, कपातीच्या जागी "डागी निघालेले". बाबा चष्मा लावून बघत बसले, म्हणाले हे आंब्यांचं पगारपत्रक झालं की. टेम्पोचा पास निघाला, गुरुवारी माल गेला.

आणि पंचिंग मशीनचा उपयोग सापडला. पेटीवरच्या लेबलांना भोकं पाडून सुतळी ओवायची. आजी बसते ते घेऊन, सोडत नाही. टक् टक् आवाज आवडतो म्हणते.

२८ एप्रिल

एप्रिलचे पगार. हे मला शीटमधे लिहिता येणार नाही म्हणून इथे.

४ कंपन्यांनी पूर्ण दिले. तिघांनी अर्धे. दोघांनी "मे महिन्यात बघू, आत्ता ५००० अॅडव्हान्स दाखवा". एका हॉटेलच्या शीटमधे सगळ्यांपुढे एलओपी ३०. एलओपी म्हणजे लॉस ऑफ पे, किती दिवस बिनपगारी. एप्रिलचे दिवसच ३०. २९ मार्चचा आदेश अजून चालू आहे, मी मेलवर तसं लिहिलं. उत्तर आलं, "नोटेड". मॅडम म्हणाल्या आपण लिहिलं, आपलं काम झालं.

हॉटेलच्या ६२ लोकांचं टाकायला मला दोन मिनिटं लागली. पहिल्या ओळीत ३० टाकायचं आणि खाली ओढायचं.

शिवाय ही सगळी गोपनीय माहिती. ऑफिसमधे स्क्रीनला काळी फिल्म, शेजारची वळून बघत नाही. इथे माजघर म्हणजे रस्ता आहे, स्वयंपाकघरातून ओटीवर जायचं तर माझ्या मागूनच जावं लागतं. आई मागे उभी राहून बघत होती, सगळीकडे शून्य शून्य काय गो म्हणाली. लॅपटॉप झाकला. आई म्हणाली, "माझ्यापासून काय लपवत्येस, मी कोणाला सांगणार? कापलंन कोणी? तू परत लाव."

१८ मे

दादा आला. डोंबिवलीहून, पास काढून, कोणाच्या तरी गाडीत मागे बसून. घरात घेता येत नाही, १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत, वाडीतले आणखी सहा चाकरमानी आहेत तिथे. आई डबा घेऊन जाते, पायरीवर ठेवून मागे सरकते. गावात कुजबूज आहेच, मुंबईवाले घेऊन येणार म्हणून. गणपतीत याच लोकांची वाट बघतात.

कामाचं: आदेश बदलला, कालच्या नव्या आदेशानं २९ मार्चचा पूर्ण पगाराचा नियम आजपासून गेला. सकाळी दहाच्या आत तीन मालकांचे मेसेज, आदेश येताना इतक्या पटकन कोणी वाचला नव्हता.

पीएफचा दर पण बदलला, मे, जून, जुलै तीन महिने १२ टक्क्यांच्या जागी १०. बेसिक १५ हजार असेल तर कामगाराचे १८०० कापायचे ते १५०० कापायचे. मालकाचे पण १५००, त्यातले पेन्शनचे १२५० तसेच राहतात, म्हणजे पीएफात ५५० जात होते ते २५०. ऐकायला सोपं. पण आमच्या सॉफ्टवेअरमधे १२ हा आकडा आत कुठेतरी कोरून ठेवलाय आणि सॉफ्टवेअरवाले म्हणतात अपडेट जूनमधे. तोपर्यंत हातानं. पीएफच्या साईटवर चढवायची टेक्स्ट फाईल असते, दोन आकड्यांच्या मधे हॅश, लाटेसारखी रेघ, परत हॅश, ही तीन चिन्हं पाहिजेत. एक चुकलं की अख्खी फाईल परत. ११ फाईली मी एक्सेलमधून बनवतेय. माजघरात बसून, लॅपटॉपवर सेव्ह करून.

२ जून

दादा काल घरी आला. केस वाढलेत, बारीक झालाय. संध्याकाळी माझ्या शेजारी पाटावर बसला होता, स्क्रीनकडे बघून म्हणाला, एलओपी म्हणजे काय? सांगितलं. "हां. मला पगाराच्या मेसेजमधे ते आलं होतं, एलओपी ३०. मला वाटलं बँकेचं काहीतरी असेल. आठ दिवस बँकेत फोन लावत होतो."

तो कामाला होता तो हॉल आमच्याकडे नाही, दुसरं कोणीतरी करतं त्यांचं. त्या कोणीतरीनं पण पहिल्या ओळीत ३० टाकून खाली ओढलं असेल.

उद्या वादळ येणार म्हणतात. सगळं चार्ज करून ठेवलंय.

७ जून

लाईट नाही, रेंज नाही. लॅपटॉप २२ टक्के. लिहितेय थोडं.

३ तारखेला सकाळपासून पाऊस, दहानंतर वारा. माड वाकतात हे लहानपणापासून बघितलंय, पण त्या दिवशी वाकलेले माड परत उभेच राहीनात. पहिलं कौल उडालं तेव्हा आई म्हणाली बिलं कुठायत तुझी, आणि मग दोघी माडीवर पळालो. रजिस्टरं, चार्जर, डोंगल पोटाशी धरून खाली. लॅपटॉप आजीनं तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात घातलान, तांदूळ काढून परातीत ओतलान आणि घट्ट झाकण लावून देव्हाऱ्याखाली ढकललान. आम्ही सगळे माजघरात, आढीतल्या शेवटच्या आंब्यांबरोबर. दुपारभर तो आवाज. नंतर ट्रान्झिस्टरवर कळलं वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं साडेबारा ते अडीचच्या मधे, ताशी १००-११० किलोमीटर, झोत १२० चे. आम्हाला आकडा कळून उपयोग नव्हता, आमची माडी तोपर्यंत आकाशाखाली होती.

माझी पूर्वेची खिडकी शाबूत आहे. चौकट, गज, सगळं. वर छप्पर नाही.

सुपारी बघवत नाही. २१० होत्या, मधून काडी मोडावी तशा मोडल्यात. सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी कोयती घेऊन रस्ता मोकळा करायला गेले.

आणि आता माझी चूक. मेच्या पीएफच्या ११ फाईली फक्त या लॅपटॉपवर आहेत. १५ तारीख शेवटची. ऑफिसला मी जिवंत आहे का हे पण माहीत नाही.

१० जून

रस्ता झाला. मांडववाल्यांकडे जनरेटर आहे, मोबाईलला १० रुपये, लॅपटॉपला ३० घेतात, रांग असते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून दादाच्या बाईकवर दापोलीला. दापोलीत पण रेंज नाही, बाजारात माणसं मोबाईल वर धरून फिरतायत. मग तसेच खेडच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर दादानं गाडी थांबवली कारण तिथे आधीच वीसेक बाईका उभ्या होत्या. सगळे फोनवर, सगळे एकच सांगत होते, आम्ही बरे आहोत, घर गेलं, माड गेले, आम्ही बरे आहोत.

मैलाच्या दगडावर लॅपटॉप ठेवला, दादानं वर छत्री धरली. ११ फाईली मिळून एका फोटोएवढ्या पण नाहीत, अर्ध्या मिनिटात गेल्या. मॅडमना फोन लावला, हॅलो म्हणायच्या आधी त्या रडायलाच लागल्या, मग लगेच सावरून म्हणाल्या, ती हॉटेलची फाईल तपासलीस ना. उशीर झाला तरी दंड नाही असं पीएफवाल्यांनी १५ मेलाच सांगितलं होतं, ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

त्या वळणावरूनच मी एक गोष्ट मागून घेतली. यापुढे माझ्या ११ कंपन्यांच्या स्लिपवर आणि मेसेजमधे एलओपी लिहिणार नाही, "बिनपगारी दिवस" असं मराठीत लिहिणार. मॅडम म्हणाल्या टेम्प्लेट बदलावं लागेल. मी म्हटलं बदलते. ठीक आहे म्हणाल्या, त्या क्षणी त्यांनी कशालाही हो म्हटलं असतं.

२६ जून

पंचनामे. भरपाई हेक्टरी १८ हजाराची ५० हजार केलीय बागांसाठी. बाबांचं म्हणणं सुपारी कोण हेक्टरात मोजतो? आमची वाडी म्हणजे काही गुंठे, त्यात माड, सुपारी, मिरवेल, जायफळ एकात एक. हेक्टराचा हिशोब करून हातात काय येतं ते मी काढून दाखवलं, बाबांनी परत काढायला लावलं, आकडा तोच. झाडांची शीट बनवली तरी, उभं, मोडलं, उपटलं असे तीन कॉलम. तलाठ्यांनी प्रिंट मागितली.

ताडपत्रीखाली हापीस चालू. जूनचे पगार जनरेटरवर, रोज दीड तास चार्ज. आधी काय करायचं हे ठरवून बसलं तर दीड तासात पुण्यातल्या अख्ख्या दिवसाएवढं काम होतं, हे मॅडमना सांगायचं नाही.

८ जुलै

लाईट आली. रात्री पावणेआठला. आजी झोपली होती, तिला उठवून दिवा दाखवला.

२७ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. २२ ला गणपती, २५ ला गौरी, आज विसर्जन, आणि उद्या २८, पगाराची तारीख. दरवर्षी मी या काळात रजेवर असते त्यामुळे हा क्लॅश आहे हे मला आत्ता कळलं.

घरगुती मूर्ती दोन फुटांच्या आत, आमची नेहमीच दीड फुटाची. चाकरमान्यांचं क्वारंटाइन १४ वरून १० दिवसांवर आणलंय तरी निम्मे आलेच नाहीत. आरतीला घरचेच. माडीवर आता पत्रा आहे, पत्र्यावर पाऊस पडला की मीटिंगमधे मला काही ऐकू येत नाही आणि त्यांना माझं. मी मान हलवते.

काल सकाळी आई गौरीच्या ओवशाची सुपं भरत होती, एकीकडे मी बँकेची फाईल बनवत होते. हॉटेलवाल्यांनी जुलैपासून अर्धे पगार चालू केलेत, ६२ पैकी ३८ जण परत आले. बाकीच्या २४ नावांपुढे काहीच आलेलं नाही, ना बिनपगारी ना राजीनामा. मी विचारलंय. उत्तर नाही. या वेळी खाली ओढलं नाही, ३८ ओळी एकेक भरल्या, वेळ लागला, मॅडमनी विचारलं एवढा वेळ का. शीटमधे लिहिलंय, "नेटवर्क स्लो".

दादा मासळीच्या गाडीवर जातोय हर्णैला, मासेमारीची बंदी १ ऑगस्टला उठली. पगार रोजचा रोज हातात. स्लिप नाही.

११ सप्टेंबर

ऑफिसची जागा सोडली. भाडं परवडत नाही, सगळे घरूनच काम करणार "पुढील सूचना येईपर्यंत". ज्याच्या त्याच्या टेबलावरचं सामान कुरियरनं आलं. माझ्या खोक्यात कप, वाळलेला मनीप्लांट, पावसाळी चपला आणि मार्चमधला अर्धा खाल्लेला चिक्कीचा पुडा. मुंग्या पुण्याच्याच, खोक्यातून बाहेर पडल्या आणि सरळ आजीच्या देव्हाऱ्याकडे गेल्या.

सोबत मेल. मालमत्ता यादी जुळत नाही, पंचिंग मशीन १ नग कमी आहे, कोणाकडे असल्यास कळवावे.

कळवलं. माझ्याकडे आहे, चालू स्थितीत आहे, पण सध्या वापरात असून आंब्याचा सीझन संपेपर्यंत, म्हणजे जून २०२१ पर्यंत, देता येणार नाही.

उत्तर आलं, "नोटेड".